जालन्याचे दप्तर, मुक्काम हैदराबाद



आपला जालना जिल्हा 1 मे 1981 चा. त्याआधी आपण बहुतांशी औरंगाबाद जिल्ह्यात होतो, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात आणि 1948 पर्यंत निजामाच्या अमलात. राज्ये बदलली, जिल्हे फुटले, पण वरिष्ठ कचेऱ्यांचे जुने कागद बरेचसे राजधानीतच राहिले. हैदराबादेत तारनाक्याला सरकारी पुराभिलेखागार आहे. आपल्या मुलखाची कुंडली तिथे पडून आहे.

तिथला सगळ्यात जुना मोठा ठेवा मात्र मूळचा आपल्या शेजारचा. औरंगाबादच्या किले अर्कमधले शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले दीड लाखाच्या आसपास कागद 1916 मध्ये तिकडे हलवले गेले. सगळी फारसी, तीही घाईच्या शिकस्ता वळणाची. त्यात ‘अर्ज-ओ-चेहरा’ नावाचे हजेरीचे कागद आहेत. शिपायाचे नाव, बापाचे नाव, अंगाचा रंग, चेहऱ्यावरचा तीळ, जखमेचा वण आणि सोबत घोड्याचा रंग व त्याच्यावरचा डाग. उसने घोडे उभे करून पगार उचलणारे बहाद्दर तेव्हाही होते, त्यांच्यासाठी ही तजवीज!

हैदराबादेतल्या जुन्या कागदांची आठवण राज्याला अलीकडे झाली ती आपल्याच जिल्ह्यामुळे. 2023 मध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण झाले, न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदींचा शोध पार हैदराबादेपर्यंत पोहोचला. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने निजामकाळच्या ‘हैदराबाद गॅझेट’चा विषय पारावर आला. आरक्षणाचा वाद मी इथे काढत नाही. पण गॅझेटात मिळते ती जातवार शिरगणती, आपल्या पणजोबांचे नाव नव्हे.

नाव हवे तर गावच्या दप्तराकडेच यावे लागते. खासरा पत्रक, जन्ममृत्यूची नोंदवही, शाळेचा दाखल-खारिज. यातले बरेच गठ्ठे फडक्यात बांधून तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात. गाठ सोडली की कडा चुरतात, आणि कागद हाती आला तरी अक्षर कुठे मोडी, कुठे उर्दू. वाचणारा शोधायला पुन्हा दुसऱ्या गावी जा!

राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. जालन्यात असा वर्ग लागला, तर पहिली बाके तलाठ्यांसाठी राखून ठेवावीत.