समाजमाध्यमे आणि आपली दुकानदारी
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने हा विषय आमच्याकडे सोपविला, हे ऐकून आमच्या घरात प्रथम हशा पिकला. फोनवरून छायाचित्र कसे धाडावे हे ज्यास पुतण्याला विचारावे लागते, त्या गृहस्थाने समाजमाध्यमांवर व्याख्यान द्यावे! परंतु या वाटेवर आम्ही चांगलीच ठेच खाल्लेली आहे, आणि तेवढ्याच अधिकाराने येथे उभे आहोत.

आमचे दुकान तांब्यापितळेच्या भांड्यांचे. तीर्थरूपांच्या काळी लग्नसराई आली की हंडे, कळशा, घंगाळी, बंब हा माल आपोआप उठत असे. पुढे स्टेनलेस स्टील आले, प्लास्टिक आले, आणि गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढू लागले ते जुनी भांडी मोडीत घालण्यासाठी. 2018 च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने लहान व्यापाऱ्यांसाठी निराळे ॲप काढले. पुढे पुतण्याने दुकानाच्या नावाने ते सुरू केले व इन्स्टाग्रामवरही खाते उघडले. आम्ही त्यास पोरखेळ म्हणालो.

पहिले वर्ष तो पोरखेळच ठरला. चकचकीत भांड्यांची छायाचित्रे, खाली किंमत. विचारणारा कोणी नाही. मग एके दिवशी दुकानात कल्हईवाला बसला असता पुतण्याने त्याच्या कामाचे दीड मिनिटाचे चित्रण केले. पातेले तापले, नवसागराचा धूर उठला, कथलाचा कण आत विरघळला आणि कापसाचा बोळा फिरताच काळवंडलेला तळ रुपेरी झाला. एवढेच. परंतु ते पाहून लोकांची विचारणा सुरू झाली. नागपूरच्या एका भगिनीने विचारले, "आजीचे पातेले माळ्यावर पडले आहे, त्यास पुन्हा कल्हई होईल काय?" तेव्हा आमच्या ध्यानात आले की, लोकांना भांडी नको झाली होती असे नव्हे, ती सांभाळावी कशी हे सांगणारे कोणी उरले नव्हते. मग आम्ही तेच सांगू लागलो. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेत ताक, चिंच, लिंबू ठेवू नये. हातोडीने ठोकून केलेल्या मठाराच्या भांड्यावरील ठोके कसे ओळखावे. यंत्रावरचा माल हाताचा म्हणून कसा खपविला जातो. धंदा वाढला तो या सांगण्याने.

मध्यंतरी एका स्नेह्याने सल्ला दिला की, तांब्यातील पाण्याने मधुमेह बरा होतो असे लिहा, माल दुप्पट खपेल. खपलाही असता! परंतु समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाहून जे सांगता येत नाही, ते फोनवर लिहिण्याचा आम्हांस धीर झाला नाही.

आता ठेचेची गोष्ट. दिवाळी बारा दिवसांवर आली होती. कोणा "गिऱ्हाइकाचा" फोन आला, "चुकून माझा सहा अंकी क्रमांक आपल्या फोनवर आला आहे, तेवढा सांगता का?" गर्दी होती, आम्हीच तो क्रमांक सांगितला. तो क्रमांक म्हणजे आमच्या खात्याची किल्ली होती. चोराने आत शिरून आपले कुलूप घातले. नियमाप्रमाणे सात दिवस आम्हांस आमच्याच दुकानात प्रवेश नाही! तोवर आमच्या नावाने जुन्या गिऱ्हाइकांकडे पैशांची मागणी गेली. एका निवृत्त शिक्षकांनी, दुकानावर काही संकट आले असेल असे समजून, न विचारता पाच हजार रुपये पाठविले. आम्ही ती रक्कम घेऊन त्यांच्या घरी गेलो, तर ते घेईनात. म्हणाले, "तुमच्या वडिलांनी मला उधारीवर संसाराची भांडी दिली होती." त्या दिवशीइतके लज्जित आम्ही कधी झालो नाही. पैसे अखेर त्यांच्या पत्नीच्या हाती ठेवून परतलो.

त्याहून मोठे दुःख आमच्याच निष्काळजीपणाचे. त्या मोसमाच्या मागण्या, नावे, पत्ते, बयाणे सारे त्या खात्यातच होते. आमच्या वडिलांची खतावणी आजही कपाटात आहे. तीत 1961 सालच्या गिऱ्हाइकाचे नाव सापडते. आमच्याकडे मात्र मागल्या आठवड्यातील गिऱ्हाइकाचे नाव कागदावर नव्हते. कित्येकांना भांडी दिवाळीनंतर पोचली, काही कायमचे दुरावले.

चोर नसता तरी ही जागा परक्याचीच. 2020 च्या जूनअखेर सरकारने टिकटॉकसह 59 ॲपांवर बंदी घातली, तेव्हा तेथे गिऱ्हाईक जमविलेल्यांचे सारे एका रात्रीत गेले. 2021 च्या 4 ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. जत्रेत पाल ठोकावे, विक्री करावी, पण तिजोरी पालात ठेवू नये, असे आमचे झाले आहे. आता रोज रात्री दुकान वाढविण्यापूर्वी दिवसाच्या मागण्या आम्ही वहीत उतरवितो. पुतणा हसतो, हसू दे.

तक्रारीविषयी एक शब्द. कोणी चारचौघांत लिहिले की भांडे पोचले ते चेपलेले, तर ते पुसून टाकू नये. चूक असल्यास तेथेच कबूल करावी व भांडे बदलून द्यावे. वाचणारे इतर शंभरजण आपल्याला तोलत असतात.

भगिनींना विशेष विनंती. घरून मसाले, लोणची, शिवणकाम यांचा व्यवसाय करणाऱ्या अनेकजणी येथे आहेत. पैसे मिळण्यासाठी आपला यूपीआय पिन कधीही घालावा लागत नाही. तसे सांगणारा, मग तो लष्करी अधिकारी म्हणवो की बँकेचा मनुष्य, लबाड समजावा. फसगत झालीच तर लाजून गप्प न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळविल्यास पैसे अडविले जाण्याचा संभव अधिक.

भोजनोत्तर मागील दालनात आमचा पुतण्या व त्याचे दोन मित्र बसणार आहेत. दुकानाच्या खात्यास दुसरे कुलूप, म्हणजे सहा अंकी पिन, कसा लावावा हे ते प्रत्येकास करून दाखवितील. फोन आणि चष्मा दोन्ही बरोबर आणावे. आणि पिन ठरविताना आम्हांसही सांगू नये.