रिकाम्या हातांचा हिशेब

(बदलापूर येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



कातकरी वाड्यांवर जाणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो. "उल्हासनगरचे सिंधी फाळणीनंतर अंगावरच्या कपड्यांनिशी आले आणि आज कारखाने चालवतात. कातकरी तर इथलेच. मग ते मागे का?" विचारणाऱ्याजवळ उत्तरही तयार असते: आळस, दारू, उद्याची फिकीर नाही. आज या प्रश्नाकडे नीट पाहू या. कारण आपल्या मनात जे उत्तर असेल, त्यावरूनच आपण वाडीवर काय घेऊन जाणार हे ठरते.

हाच प्रश्न अमेरिकेत कृष्णवर्णीयांबद्दल विचारला जातो: युरोपातून आलेले गरीब वर आले, मग हे का नाही? आपल्या आणि त्यांच्या दुःखाचे नाते महात्मा फुल्यांनी फार आधी ओळखले होते. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. तेव्हा तिकडच्या अभ्यासातून आपणही शिकायला हरकत नाही.

अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न तपासून पाहिला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोत नोकरीचे सुमारे पाच हजार बनावट अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावे वेगळी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे 50 टक्के जास्त बोलावणी आली. आपल्या सुखदेव थोरातांनी पॉल ॲटवेल यांच्यासोबत भारतातल्या खासगी कंपन्यांकडे असेच अर्ज पाठवले. 2007 च्या त्या अभ्यासात बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश इतकीच निघाली. इथे आळस कुठे आला? कागदावरच्या नावाला आळस नसतो.

पण आपला कातकरी बांधव नोकरीच्या अर्जापर्यंत पोचतच नाही. त्याचे कारण आणखी मागे आहे.

1865 मध्ये अमेरिकेत गुलामगिरी संपली. जनरल शर्मन यांच्या हुकुमाने काही मुक्त कुटुंबांना जमीन मिळाली, पण त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत दिली. मग मुक्त झालेली माणसे त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागली आणि कर्जात अडकली. स्वातंत्र्य मिळाले, पण पाय रोवायला जागा मिळाली नाही. आजही तिथे गोऱ्या आणि काळ्या कुटुंबांतली संपत्तीची दरी मिळकतीच्या दरीपेक्षा कितीतरी मोठी आहे.

आता उल्हासनगरकडे या. सिंधी कुटुंबांनी फार सोसले, घरदार गमावले, लष्करी छावणीच्या बराकींत दिवस काढले. त्यांच्या कष्टाला उणे लेखायचे नाही. पण त्यांचे हात अगदीच रिकामे नव्हते. त्यांच्यात शिकलेले होते, पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार होता, एकमेकांना उधार देणारी माणसे होती. सरकारने त्यांना निर्वासित म्हणून कागदावर घेतले, निवारा दिला, 8 ऑगस्ट 1949 ला गावाला नाव दिले आणि 1954 च्या कायद्याने गमावलेल्या मालमत्तेची भरपाई ठरवली. हे सगळे योग्यच झाले.

कातकऱ्यांना यातले काय मिळाले? खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांचे नाव पडले. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने जंगलावर सरकारी पहारा बसवला आणि तो धंदा गेला. नुकसानभरपाई नाही, पुनर्वसन नाही. पुढे 1972 साली बदलापूरजवळ बारवी धरण झाले. औद्योगिक वसाहतींना आणि आपल्या शहरांना त्याचे पाणी मिळते. त्या धरणासाठी मुरबाड तालुक्यातल्या आदिवासींना घरे, शेते सोडावी लागली. नळ उघडताना याची आठवण ठेवू या.

आज कित्येक वाड्या दुसऱ्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. घराखालची जागा नावावर नाही, म्हणून बँक दारात उभी करत नाही. मग पावसाळ्यात पोट भरायला वीटभट्टीवाल्याची उचल घ्यावी लागते. दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. हजार विटांमागचा दर, आठवड्याची खर्ची, आजारपणाचा खर्च, सगळे मालकाच्या वहीत. हिशेबाअंती पुन्हा बाकी निघते. वेठबिगारी 1976 च्या कायद्याने बंद झाली, पण वही चालूच आहे. मुलाची शाळा अर्ध्यावर सुटते. जातीच्या दाखल्याला 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि ज्याचा आजा शाळेतच गेला नाही तो पुरावा आणणार कुठून? दाखला नाही, म्हणून राखीव जागाही त्याच्यासाठी नाही.

दारू आहे, हे मी नाकारत नाही. पण दारू सोडलेल्या माणसाच्या नावावरही जमीन होत नाही आणि त्याची उचल फिटत नाही. व्यसनमुक्तीचे काम करूच, पण तेवढ्यावर थांबलो तर आपण आजाराऐवजी आजाऱ्यालाच दोष देऊ.

म्हणून मेळाव्यापुढे चार कामे ठेवते. एक, प्रत्येक वाडीची जमीन कोणाच्या नावावर आहे याचा सातबारा काढावा. शेतमजुराच्या राहत्या घराला 1948 च्या कुळकायद्यात संरक्षण आहे, ते वाडीला समजावून सांगावे. दोन, जुना पुरावा नसलेल्यांसाठी तहसील कार्यालयाकडे स्थानिक चौकशीची मागणी लेखी करावी. तीन, दिवाळीच्या आधीच मुलांच्या राहण्याची सोय लावावी आणि उचलीची नोंद कुटुंबाच्या स्वतःच्या वहीत ठेवायला शिकवावे. चार, वर्गात मुलांची जात पुकारू नये. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या मुलांना कोडी सोडवायला दिली होती. सर्वांसमोर जात जाहीर होताच खालच्या मानलेल्या जातींची मुले मागे पडली. तोपर्यंत ती बरोबरीने सोडवत होती.

लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात योबेल वर्षाची आज्ञा आहे. त्या वर्षी गरिबीमुळे हातची गेलेली वतनाची जमीन मूळ घराण्याकडे परत जायची आणि कर्जापायी विकला गेलेला माणूस आपल्या कुळात परतायचा. देवाने तिथे गरिबाच्या स्वभावाची चौकशी केलेली नाही. हिरावलेले परत करायला सांगितले आहे. येत्या हंगामात ब्लँकेट आणि खाऊ घेऊन वाडीवर जरूर जा, पण पिशवीत सातबाऱ्याचा अर्जही असू द्या.