दगडाखालची ओल

(मुंबईकर माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात हाटकेश, मीरा रोड येथे केलेले भाषण)



माणदेशातल्या शाळेचा मेळावा हाटकेशच्या हॉलमध्ये भरावा, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. आपल्यातले निम्मेअधिक इकडंच पोटाला लागले. संयोजकांनी मला ‘आयटीमधल्या संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला, कारण जेवणानंतर आपण एका ठरावावर हात वर करणार आहोत. शाळेमागच्या बारा एकर टेकडीवर येत्या जूनमध्ये पाच हजार झाडं लावायची, खड्डे जेसीबीनं घ्यायचे आणि त्यासाठी प्रत्येकानं वर्गणी द्यायची. ठराव चांगल्या मनानं आणलाय. पण तो आहे तसा मंजूर झाला तर पुढच्या मे महिन्यात त्यातली फार थोडी झाडं उभी असतील, असं माझं मत आहे. ते का, एवढंच सांगते.

माझी पदवी स्थापत्यची. पोट गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरवर चाललंय, पण मातीचा विषय कॉलेजात आवडीनं केला होता आणि तो सुटला नाही. सुट्टीत गावी गेले की टेकडीवर चक्कर होतेच.

आधी ही माती आली कुठून ते बघू. महाबळेश्वरचा डोंगर आणि आपला शंभू महादेवाचा डोंगर, दोन्हींचा दगड एकच, काळा बेसाल्ट. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर बसून झालेला. तिकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं जेमतेम पाचशे, आणि पुष्कळ वर्षी तेवढाही नाही. तिकडच्या पावसानं दगडातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळं धुऊन नेलं आणि मागं राहिला लाल जांभा. आपल्याकडं धुऊन न्यायला पाणीच नव्हतं. ते सगळं जागेवर राहिलं आणि त्यातून फुगणारी चिकणमाती तयार झाली. आपल्या मातीत पांढऱ्या चुनखडीचे खडे सापडतात तेही याचमुळं. पाऊस चुना विरघळवतो, पण खोल वाहून न्यायला पुरत नाही.

ही माती डोंगरभर सारखी नाही. माथ्यावर वीतभरसुद्धा नाही, खाली लगेच कातळ. पायथ्याला, ओढ्याकाठी, पुरुषभर खोल काळी रान. मधल्या उतारावर जे आहे त्याला आपण बरड म्हणून सोडून देतो. वरून घरंगळलेले दगड, झिजलेला मुरूम आणि त्यांच्या फटीत अडकलेली चिकणमाती. शाळेची टेकडी जवळजवळ सगळी अशीच आहे.

या मातीचा स्वभाव कळायला एक सोपा प्रयोग आहे. माती वाळवून बारीक चाळायची. दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, शंभर मिलिलिटरची. एकात पाणी भरायचं, दुसऱ्यात रॉकेल, आणि चोवीस तास ठेवायचं. रॉकेलमधली माती आहे तेवढीच राहते, पाण्यातली फुगते. दोन्हींतला फरक म्हणजे मातीचा फुगवटा. इमारतीचा पाया घेण्याआधी काळ्या मातीची हीच चाचणी करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत सहज होईल. (रॉकेल मिळवणं हल्ली अवघड, तेवढं कुणीतरी बघा.)

आता हा फुगवटा उतारावर कसा वागतो? उन्हाळ्यात माती आकसते, तिला भेगा पडतात. पहिला पाऊस या भेगांतून सरळ आत जातो. म्हणून पहिल्या सरीला ओढा वाहत नाही. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि दार बंद होतं. त्यानंतरचं पाणी वरच्या वर घसरून जातं, जाताना माती घेऊन जातं. आपला मोठा पाऊस सप्टेंबरात येतो, म्हणजे नेमका दार बंद झाल्यावर.

इथं दगड कामाला येतात. लहानपणी रानातले दगड वेचायला गेले की आजी ओरडायची, “समदी दगडं येचू नगंस, दगडाखाली वल ऱ्हाती.” तेव्हा वाटायचं, म्हातारीला काम चुकवायचंय. पण तिचं बरोबर होतं. मातीवर सुटा पडलेला दगड थेंबाचा मार स्वतःवर घेतो, त्यामुळं खालच्या मातीवर पापुद्रा धरत नाही. तो पाण्याची धाव मोडतो आणि नंतर ऊन अडवून ओल धरून ठेवतो. मे महिन्यात टेकडीवरचा एखादा दगड उलटा करून बघा, कुसळी गवताची पांढरी मुळं बरेचदा तिथंच वळलेली असतात. मात्र तोच दगड मातीत घट्ट रुतून तिच्या पापुद्र्याशी एकजीव झाला की उलटं होतं, पाणी त्याच्यावरून फरशीवरून गेल्यासारखं जातं. जेसीबी फिरली की सुटे दगड एक तर ढिगाला लागतात, नाही तर दाबून रुतवले जातात. माझा जेसीबीला विरोध आहे तो एवढ्यासाठी.

पण मातीच्या पोटातला दगड पाणी साठवत नाही, हेही खरंच. हिशोब करू. चांगली काळी माती मीटरभर खोल असेल तर पिकाला उपयोगी पडणारं पंधरा-अठरा सेंटिमीटर पाणी धरते. टेकडीवर माती फूटभर, म्हणजे पाच सेंटिमीटर पाणी. त्यातही चाळीस टक्के जागा दगडांनी खाल्ली तर उरलं तीन. ऊन-वाऱ्यानं रोज पाच मिलिमीटर उडतं असं धरलं तर ही शिदोरी सहा दिवसांची. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये पावसाचा खंड किती दिवसांचा असतो, ते मी तुम्हाला सांगायला नको.

त्यात खड्ड्याचं रोप. मुरमात घेतलेला खड्डा चिकणमातीनं भरला की तो कुंडीसारखा वागतो. मोठ्या पावसात पाणी तुंबून मुळं गुदमरतात. उघडीप पडली की माती आकसते, बाजूनं सुटते आणि कोवळी मुळं तोडते. टँकरनं पाणी घालून दोन वर्षं जगवता येतील. पण तो टँकर येणार ज्या विहिरीतून, तिच्यावर आधीच वस्ती अवलंबून आहे.

मग पाणी कुठंय? आहे. पंचवीस मिलिमीटरची एक सर बारा एकरांवर पडली तर सुमारे बारा लाख लिटर पाणी होतं. निम्मं वाहून गेलं असं धरा, तरी सहा लाख. दहा हजार लिटरचे साठ टँकर, एका संध्याकाळी, शाळेच्या कुंपणावरून ओढ्यात. आता उताराला आडवे, समपातळीत, दोन फूट रुंद आणि फूटभर खोल चर काढले आणि दोन चरांत दहा मीटर अंतर ठेवलं, तर बारा एकरांत साधारण ४,८०० मीटर लांबी होते. मीटरमागं १८० लिटर, म्हणजे साडेआठ लाख लिटर. ती सर चरांतच मावते.

यात ‘समपातळीत’ हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा. चराचं एक टोक वीतभर खाली गेलं तर सगळं पाणी तिथं धावतं, भराव फोडतं आणि तुमच्याच हातानं नवी घळ तयार होते. मोजायला महागडं यंत्र लागत नाही, पारदर्शक नळीत पाणी भरलं तरी भागतं. २०१८ च्या वॉटर कपमध्ये आपल्याच तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला तो पंचेचाळीस दिवस अशाच कामांवर राबून. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर देवस्थानची चाळीस एकर उताराची पडीक जमीन घेतली, तिथं आधी बांध आणि पाझर तलाव केले. तेही इंजिनिअरच. त्यांच्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीवर नाही, घरातल्या माणसांवर ठरायचा, भूमिहीनालाही वाटा होता आणि उसाला मनाई होती. पाणी अडवण्यापेक्षा वाटणं जास्त अवघड, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं.

आणि तेच मला जरा नाजूकपणे बोलायचं आहे. ही टेकडी गायरान आहे. आपल्या वर्गात मेंढपाळांची मुलं होती, त्यांचे भाऊ आजही मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाळ्यात घरी येतात. टेकडीवर गवत येतं तेव्हाच त्यांचे कळप गावात असतात. हिवरे बाजारानं चराईबंदी केली आणि त्यांचा डोंगर हिरवा झाला, हे खरं. पण तो निर्णय गावानं गावासाठी घेतला होता. आपण हाटकेशच्या वातानुकूलित हॉलमध्ये हात वर करून दुसऱ्याच्या मेंढरांचं रान बंद करणं मला पटत नाही.

म्हणून माझी दुरुस्ती अशी. यंदा एकही झाड लावू नये. वर्गणी चरांच्या मजुरीला वापरावी आणि मजुरी गावातच द्यावी. टेकडीचे दोन भाग करून खालचा भाग तीन वर्षं मोकळ्या चराईला बंद ठेवावा, गवत कापून न्यायला सगळ्यांना मुभा असावी, वरचा भाग चालू राहावा. चरांच्या भरावावर मारवेल आणि पवन्या गवताचं बी टाकावं. झाडं तिसऱ्या वर्षी, तीही बोर, हिवर, बाभूळ, बी टोकून. फोटोला ही झाडं काही शोभत नाहीत, ते मान्य आहे. हे सगळं ग्रामसभेत मांडावं, मेंढपाळांच्या घरांना आधी विचारावं, आणि त्यांनी नाही म्हटलं तर वर्गणी ज्याची त्याला परत करावी.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी गावी असेन. वीस मीटरची नळी माझ्याकडं आहे. धरायला दुसऱ्या टोकाला एक माणूस लागेल, आणि चुना टाकायला आणखी एक.