इंधनाचा हिशेब आणि लहान धंद्याचे भवितव्य
(मनीमाजरा येथे लघुउद्योजक व कामगार यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



मनीमाजऱ्यातील मोटार मार्केटची कार्यशाळा असो वा हलवायाची भट्टी, इंधनावाचून तिचा दिवस सुरू होत नाही. नळाने येणारा नैसर्गिक वायू, सिलिंडर, वीज आणि डिझेल यांतून निवड करण्याचा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. इंधनाचा खर्च वाढला की कात्री प्रथम मजुरीला लागते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

तुलना करावयाची तर माप एकच हवे. ते म्हणजे उष्णता. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. एक घनमीटर नैसर्गिक वायू साधारण ८,५०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे १० युनिट विजेइतकी उष्णता देतो. १९ किलोंच्या व्यापारी सिलिंडरातील उष्णता अंदाजे २४ घनमीटर वायूइतकी भरते. प्रत्येकाने आपल्या बिलावर हा भागाकार करून पाहावा. मात्र शेगडीवर वायूची जवळपास निम्मी उष्णता वाया जाते, इंडक्शनवर विजेची त्याहून पुष्कळ कमी. हेही हिशेबात धरावे. यंत्रे फिरविण्यास वीजच योग्य. जनित्रात एक लिटर डिझेल जाळून जेमतेम तीन-साडेतीन युनिटे हाती येतात.

भट्टीसाठी नळाचा वायू सोयीचा खरा. साठा नको, राख नाही. तो हवेहून हलका असल्याने गळती झाल्यास वर जातो; सिलिंडरचा वायू जमिनीलगत साचतो. तरीही खोली हवेशीर हवीच. कोळशापेक्षा त्याचा कर्बवायू सुमारे ४० टक्के कमी. पण न जळलेला मिथेन गळला तर हा लाभ बुडतो.

परंतु भाव कोण ठरवितो? देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा आयात होतो. स्वस्त देशी वायूवर पहिला हक्क घरगुती जोडण्या व सीएनजी यांचा आहे. धंद्यांच्या वाट्याला बहुतांशी जागतिक बाजाराशी बांधलेला दर येतो. २०२२ साली युक्रेन युद्धामुळे भाव भडकताच मोरबीतील अनेक सिरॅमिक कारखान्यांनी वायू सोडून प्रोपेन धरले. लहान भट्टीवाल्याला असे इंधन बदलणे कोठून परवडणार? महाराष्ट्राने तर हा धडा आधीच घेतला होता. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९९ साली आयात इंधनाच्या आशेवर, प्रथम नाफ्थ्यावर, सुरू झाला. त्याची महाग वीज राज्य वीज मंडळाला झेपेना आणि २००१ साली तो बंद पडला.

विजेची गोष्टही निराळी नाही. चंदीगढच्या वीज कामगारांनी फेब्रुवारी २०२२ मध्ये खाजगीकरणाविरुद्ध संप केला. तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये वितरण खाजगी कंपनीकडे गेले.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: देशी वायूत लघुउद्योगांना वाटा द्या, प्रत्येक इंधनाचा दर उष्णतेच्या मापाने जाहीर करा. दरनिश्चितीच्या सुनावणीत मालक आणि कामगार यांनी हा हिशेब हाती घेऊन एकत्र उभे राहिले पाहिजे.