दिसले तेवढेच काढा

(शाळेच्या विज्ञान मंडळापुढे केलेले भाषण)



दुर्बिणीतून मंगळाचे फोटो कसे काढतात, यावर मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली आहे. आरंभी माझीच एक चूक सांगतो.

एकदा शाळेच्या गच्चीवर लहान दुर्बिणीतून मी मुलांना मंगळ दाखविला आणि दिसेल तसे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी ठळक डाग, रेषा, पांढरे ध्रुव असे सुबक चित्र काढले. एकाने मात्र नुसता तांबूस गोळा आणि त्यावर एक पुसट डाग काढला. मी त्याला सर्वांत कमी गुण दिले. मागाहून ध्यानात आले की, बाकीच्यांनी पुस्तकातले चित्र उतरविले होते. खरे पाहिले होते ते त्या एकट्याने.

मित्रांनो, ही चूक थोरामोठ्यांनीही केली आहे. मंगळ अगदी जवळ आला तरी चंद्राच्या सत्तराव्या हिश्श्याएवढाच दिसतो. त्यात आपल्या वातावरणातील हवा हलत असते, म्हणून चित्र सारखे थरथरते. १८७७ साली इटलीच्या शियापारेल्ली यांनी मंगळावर रेषा पाहिल्या. अमेरिकेतील लॉवेल यांनी तर ते बुद्धिमान प्राण्यांनी खोदलेले कालवेच ठरविले. १९०५ साली त्यांच्या वेधशाळेत मंगळाचे फोटोही घेण्यात आले. पण ते इतके चिमुकले होते की, ज्याला रेषा हव्या होत्या त्यालाच त्या दिसल्या.

१९०३ साली ग्रिनिचचे मॉण्डर व शाळामास्तर इव्हान्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कालवे नसलेले, ठिपक्यांचे व छटांचे चित्र लांब ठेवून मुलांना उतरविण्यास सांगितले, तेव्हा अनेकांनी सरळ रेषा काढल्या! डोळा ठिपके जोडतो, तो असा. पुढे १९६५ साली मरिनर-४ या यानाने जवळून फोटो पाठविले. त्यांत विवरे होती, कालवे नव्हते.

आज हौशी माणूसही उत्तम फोटो घेऊ शकतो. एकच फोटो न काढता तो काही मिनिटे चलच्चित्र घेतो. त्यातील हजारो चित्रांपैकी हवा क्षणभर स्थिर असताना आलेली तेवढी संगणकाने निवडून एकावर एक रचली जातात. फार वेळ मात्र घेता येत नाही, कारण मंगळ २४ तास ३७ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. तपशील सरकून पुसट होतात. शेवटी चित्र उठावदार करतात. तेथे हाव धरली, तर कडेला नसलेली कड उमटते. म्हणजे यंत्र आले तरी प्रामाणिकपणाची गरज सरली नाही.

पालकांना माझी विनंती आहे. मूल "मला एवढेच दिसले" म्हणाले, तर त्याला रागावू नका. शेजारच्या मुलाची वही दाखवू नका. त्याला पुन्हा पाहू द्या.

त्या मुलाचे गुण मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर बदलले आणि चूक माझी होती, हेही सांगितले. शिक्षकाला ते जड जाते. पण मुलांनी त्या दिवशी जे शिकले, ते मंगळापेक्षा मोठे होते असे मला वाटते.