चर्चच्या आवारातली मराठी शाळा



माझा व्यवसाय होमिओपॅथीचा, धर्म जैन आणि विषय घेतला आहे चर्चच्या प्राथमिक शाळेचा. हे त्रांगडे कसे जमले, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आलेच असेल. आपल्या बेळगाव भागातल्या कितीतरी घरांतल्या मुलांनी अशा शाळांत बाराखडी गिरवली, मीही गिरवली. पण आज नातवंडांना तिथे घालायचे म्हटले की आपण गप्प होतो. म्हणून हा विषय.

आधी एक घोटाळा दूर करू. ख्रिस्ती लोकांची कुठलीही शाळा दिसली की आपण तिला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो. कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक जोगिणींचा मठ. मी बोलतो आहे ती प्रोटेस्टंट मिशनची शाळा. धर्मग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावा आणि आपल्या भाषेत वाचावा, हा त्या पंथाचा मूळ आग्रह. एकदा हे मानले की मोळीविकीच्या मुलीलाही वाचता आलेच पाहिजे. म्हणून चर्चच्या भिंतीला लागून शाळा, आणि शाळेत मुलांची बोली. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे, नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ चे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८२४ मध्ये त्यांनी तिथे मुलींची शाळा काढली. आपल्या बेळगावात लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये आले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हे काम मेथडिस्टांकडे गेले. आम्हा जैनांना ‘स्वाध्याय’ हा शब्द परका नाही. पण त्या काळी आमच्या पाठशाळेत मोळीविकीची मुलगी बसत होती का, हे मी सांगायला नको.

सिंथिया फरार ही अविवाहित बाई १८२७ च्या अखेरीस बोटीने मुंबईला आली, १८३९ पासून अहमदनगरला मुलींना शिकवत राहिली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे प्रशिक्षणही तिच्याकडे झाले, असे चरित्रकार लिहितात. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेतले. दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत, पण पुण्यात १८४८ मध्ये मुलींची शाळा उभी राहिली.

आता तुम्ही म्हणाल, धर्मांतराचे काय? हेतू तोच होता, आणि मिशनऱ्यांनी तो कधी लपवला नाही. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या मुंबईच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी भराभर मुले काढून घेतली. त्या पालकांना मी वेडे म्हणणार नाही. मी दोन मिशन शाळांत शिकलो. पहिलीत एका गुरुजींनी भर वर्गात आमच्या तीर्थंकरांच्या मूर्तीला ‘दगड’ म्हटले. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत गेले आणि माझा दाखला घेऊन आले.

गंमत अशी की त्यांनी मला घातले तेही दुसऱ्या मिशनच्याच शाळेत. शेजाऱ्यांनी नावे ठेवली. वडील म्हणाले, “तिथल्या बाई वेगळ्या आहेत.” आणि बाई खरोखरच वेगळ्या होत्या. सकाळी प्रार्थना होई, येशूच्या गोष्टी होत, नखे तपासली जात. ज्याची नखे वाढलेली त्याची बाई स्वतः कापत, मग तो कुणाचाही असो. नाताळात केक वाटला जाई. त्यात अंडे असते म्हणून आम्हा तिघा जैन मुलांसाठी बाई आठवणीने शेंगदाण्याची चिक्की आणत, आणि ती वेगळ्या कोपऱ्यात नेऊन नव्हे, त्याच रांगेत देत. मूल बोलत असताना त्याचे वाक्य त्या मध्येच तोडत नसत. होमिओपॅथीत रुग्णाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे लागते, हे मला कॉलेजात पुन्हा शिकवावे लागले नाही.

मुलांना एका रांगेत बसवणे आज सोपे वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्या जैन समाजातले, कुंभोजचे. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यांनी अंघोळ करायला नकार दिला, म्हणून आमच्याच समाजाच्या बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९२४ मध्ये साताऱ्याला त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले. ती पंगत मिशनने शिकवली असे मी म्हणत नाही. त्यांना ती आतूनच सुचली. पण मिशनच्या प्राथमिक शाळेत आपल्यापैकी कितीतरी जणांना तिची सवय सातव्या-आठव्या वर्षीच लागली.

अशा मराठी वर्गांत आज बाके रिकामी पडू लागली आहेत. त्याला चर्च जबाबदार नाही, कर्नाटक सरकारही एकटे नाही. माझ्या दवाखान्यात मराठीसाठी तावातावाने बोलणारे गृहस्थ नातवाच्या इंग्रजी शाळेची फी भरून आलेले असतात. इंग्रजीला माझा विरोध नाही. माझ्या मुलीही इंग्रजीत शिकल्या. पण प्रवेशाच्या वेळी आपण विचारतो संगणक किती, बस येते का, निकाल किती टक्के. या जूनमध्ये नातवंडासाठी शाळा पाहायला जाल तेव्हा, ती चर्चची असो वा आपल्या एखाद्या मंडळाची, मधल्या सुट्टीत जा. मुले डबे उघडून बसली असतील. कोण कुणाच्या शेजारी बसले आहे आणि बाई त्या वेळी कुठे आहेत, एवढे दारात उभे राहून पाहा.