दिसणारं पाणी



माणूस दुसऱ्याच्या मदतीला कधी धावतो? उद्या तोही आपल्यासाठी धावेल, असा भरवसा असतो तेव्हा. हा भरवसा कशावर बसतो? इस्रायली जीवशास्त्रज्ञ आमोत्झ झहावी यांनी 1975 साली प्राण्यांबद्दल एक विचार मांडला: ज्या खुणेसाठी पदरचं काही खर्चावं लागतं ती खोटी करणं अवघड, म्हणून इतर तिच्यावर विसंबतात.

माणसांतही हा भरवसा दिसतो: मध्य प्रदेशातल्या धार आणि झाबुआच्या भिल्ल वस्त्यांत ‘हलमा’ची रीत आहे. एकट्या घराला काम उरकेनासं झालं की ते हाक देतं आणि लोक आपापली अवजारं घेऊन, मजुरी न घेता येतात. आपल्या इर्जिकेचीच ही बहीण. गरज नसताना हाक दिली, तर पुढच्या वेळी कोण येईल? आणि कोणी येणारच नसेल, तर हाक तरी कोण देईल?

मध्य प्रदेशातल्याच देवासमध्ये पाण्याच्या बाबतीत हा भरवसा उरला नव्हता. बोअर खोल खोल गेले आणि 1990 साली इंदूरहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शेजारी जमिनीखालून किती उपसतो ते दिसत नाही, म्हणून कोणीच हात आखडत नाही. 2006 साली जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना गळ घातली: जमिनीचा दहावा हिस्सा तळ्याला द्या, पावसाचं पाणी साठवा. टोंक खुर्द भागातल्या शेतकऱ्यांनी पिकती जमीन खोदली. असं तळं रस्त्यावरून दिसतं आणि त्यासाठी काय सोडावं लागलं ते शेजारच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. एकाचं पाहून दुसऱ्यानं खोदलं. जिल्ह्यात हजारो तळी झाली.

महाराष्ट्रात मात्र कितीतरी शेततळ्यांत प्लास्टिक अंथरून विहिरीचं, बोअरचं पाणी भरतात. वरून तळं तसंच दिसतं, पण त्यात शेजाऱ्याच्या वाट्याच्या पाण्याची उन्हात वाफ होत असते. अशा तळ्यानं भरवसा वाढत नाही, चढाओढ वाढते.

जमिनीखालचं पाणीही सगळ्यांना दिसेल असं करता येतं: महाराष्ट्रातलं हिवरे बाजार हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं. तुमच्याही गावात तो मांडा, चावडीवर लिहून ठेवा. आणि ज्यांच्याकडे जमीन जास्त, त्यांनी पावसाच्या पाण्याचं पहिलं तळं आपल्या शेतात खोदावं, ही माझी कळकळीची विनंती.